हिरडीतली रिंग

डॉक्टरबाईंनी चिमट्यात धरून जे बाहेर काढलं, ते आपल्या तोंडातलं नाहीच, असं रत्नाला आधी वाटलं. चुकून दुसऱ्याच कुणाचं काही तरी ट्रेमध्ये राहिलं असणार. मग तिने डोळे बारीक केले आणि त्या वस्तूचं माप तिच्या मनात आपसूक उमटलं. आतून सात मिलिमीटर, जाडी दीड, माल सिलिकॉनचा, रंग दुधी. आठ वर्षं ती रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंगाखाली असल्याच रिंगा तपासत आली होती. रक्त आणि पू लागलेला असला, तरी आपल्या हाताखालचा माल माणूस ओळखतोच.

"हे काय आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं. आवाज शांत होता.

रत्नाचा वरचा ओठ इंजेक्शनने मेलेला होता. तरी ती कशीबशी बोलली, "रिंग. पाण्याच्या फिल्टरच्या नळाला बसती ती."

डॉक्टरबाई स्टुलावर मागे सरकून बसल्या. भोरमध्ये त्यांनी दवाखाना टाकला त्याला चौदा वर्षं झाली होती. लोकांच्या हिरड्यांतून त्यांनी माशाचा काटा काढला होता, झाडूची काडी काढली होती, एका आजोबांच्या दाढेतून मोडलेली सुई काढली होती. नळाची रिंग मात्र पहिल्यांदाच. शेजारी उभी असलेली नर्स तर ट्रे हातात धरून तशीच थिजली होती.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, रत्नाताई. दातांना घरी काही केलंत का?"

"व्हय, इचारलं हुतं."

"आणि दोन्ही वेळा तुम्ही नाही म्हणालात."

रत्नाला मान खाली घालायची होती. खुर्चीत अर्धवट आडवं असताना मान खाली घालता येत नाही, म्हणून तिने नुसते डोळे मिटले.

खरं सांगायचं तर रत्नाला तिची हुशारी नडली. बाई हुशार होतीच, त्यात वाद नाही. वरवे बुद्रुकला गावाबाहेर रबराचा माल काढणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथे तपासणीच्या टेबलावर चौदा बायका बसतात आणि त्या चौदा जणींत रत्नाची नजर सगळ्यात तिखट. रिंगेला केसाएवढी चीर असली तरी तिच्या भिंगाखालून सुटायची नाही. साहेब नवीन बायकांना सांगायचे, "रत्नाताईंकडे बघून शिका." एवढं ऐकलं की माणूस दुसऱ्या कामांतही स्वतःला तसंच समजायला लागतो. शेजारणीचा कुकर शिट्टी देईना, रत्नाला बोलवा. कुणाच्या मोबाईलवर आवाज येईना, रत्नाला दाखवा. तिनेही कधी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि "मला माहीत नाही" हे तीन शब्द तर तिच्या तोंडून कुणी ऐकलेच नव्हते.

तिची मुलगी शेफाली तेरा वर्षांची. दात एकावर एक चढलेले, म्हणून याच डॉक्टरबाईंनी तिला तार लावली होती. दर महिन्याला रत्ना तिला घेऊन भोरला यायची आणि खुर्चीशेजारी उभी राहून सगळं बघायची. एके दिवशी डॉक्टरबाईंनी शेफालीच्या दातांवर बारीक रबराच्या रिंगा अडकवल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी दात हळूहळू जवळ येतील." रत्ना बघतच राहिली. हे तर आमच्याच टेबलावरचं! ती घरी येईपर्यंत हसत होती. एवढे मोठे डॉक्टर, एवढी मोठी खुर्ची, आणि काम करायला शेवटी रिंगच.

त्याच सुमारास तिच्या स्वतःच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडायला लागली होती. छत्तीस वर्षं जे दात एकमेकांना चिकटून होते, त्यांच्यात आता जोंधळ्याचा दाणा मावायला लागला. सासूबाई ठकुबाई खूश. "दातात फट पडली म्हंजी नशीब उघडलं, पोरी." रत्नाला असलं नशीब नको होतं. आरशात बघितलं की तिला आपलं तोंड परकं वाटायचं. ब्रश करताना रक्त यायचं, ते मात्र तिने कधी मनावर घेतलं नाही. उष्णता झाली म्हणायचं, सब्जा भिजवून प्यायचा, दोन दिवस बरं वाटायचं. हिरडीतल्या रक्ताचा आणि दातांतल्या फटीचा काही संबंध असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दिवाळीच्या आधी तिने रिजेक्टच्या डब्यातून एक दुधी रिंग उचलली, गरम पाण्यात धुतली आणि दोन्ही दातांवर मिळून चढवली. पहिल्या दिवशी दात ठणकले. चौथ्या दिवशी फट गायब! टेबलावरच्या बायकांनी तोंडात बोटं घातली. रत्ना त्यांना दिवसातून दहा वेळा हसून दाखवायची. आठवड्याने सकाळी उठून बघते तर रिंग नाही. भाकरीबरोबर पोटात गेली असणार, असं तिने ठरवलं आणि विषय संपवला. काम झालं होतं, रिंग कशाला हवी?

नंतर तीन महिन्यांनी हिरडी सुजायला लागली. दात लांब दिसायला लागले. मग हलायला लागले. ती डॉक्टरबाईंकडे आली तेव्हा कारखान्याचा माल तोंडात घातला हे सांगायची तिला लाज वाटली, शिवाय साहेबांच्या कानावर गेलं तर, ही भीतीही होतीच. आणि रिंग तर तोंडात नव्हतीच, मग सांगायचं काय? दोन वेळा हिरड्या साफ करूनही सूज उतरेना, तेव्हा आज डॉक्टरबाईंनी हिरडी उघडून बघितली.

"एक्स-रेत रबर दिसत नाही," त्या आता सांगत होत्या. "मला फक्त एवढंच कळत नव्हतं की या दोन दातांभोवतीचंच हाड एवढं कसं गेलं. आता कळलं."

"पर ती तर पडली हुती, बाई. म्या बघितलं ना, नव्हती तोंडात."

"पडली असती, तर फट परत उघडली नसती का?"

 केसाएवढी चीर पकडणाऱ्या बाईला सहा महिन्यांत हे सुचलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी हाताने दाखवत समजावलं. "शेफालीच्या दातांवर मी आधी बारके खिळे चिकटवलेत. रबर त्यांना अडकून बसतं, जागचं हलत नाही. तुमच्या दाताला अडकायला काय आहे? दात मुळाकडे निमुळता होत जातो, गाजरासारखा. गाजराच्या मध्यावर रबर चढवून बघा, कुठे जातं ते. तुमची रिंग हिरडीखाली शिरली आणि रोज थोडी थोडी वर चढत गेली. जाताना हिरडी सोलत गेली, हाड खात गेली. तुम्हाला वाटलं पोटात गेली, आणि ती तुमच्या डोळ्यांसमोर तोंडातच होती."

"मंग मोठ्या माणसानं तार लावायचीच न्हाई का?"

"लावायची की. चाळिशीतल्या माणसांनाही लावतो आम्ही. पण आधी हिरड्या बऱ्या करून. तुमची फट उगाच पडली नव्हती. हिरड्या आजारी होत्या, हाड खचत होतं, म्हणून दात पांगले. अशा वेळी दात ओढायचा म्हणजे पावसाने भिजलेल्या बांधावरचा खांब हलवायचा. तेव्हा आला असतात, तर दोन्ही वाचवले असते."

"आता?"

"आता नाही वाचायचे. सूज उतरली की काढावे लागतील."

रत्नाला दुःख व्हायला हवं होतं. दोन दात, तेही पुढचे. पण दुःख व्हायला जागाच उरली नव्हती, कारण तिच्या डोक्यात दुसरंच एक तोंड आलं होतं. बावीस वर्षांचं, हसरं, पुढच्या दोन दातांत लहानशी फट असलेलं. 

"बाई," ती खुर्चीत उठून बसली, "हिरड्या चांगल्या असल्या तर? तरण्या पोरीच्या?"

"कुठल्या पोरीच्या?"

रत्नाने ट्रेमधल्या रिंगेकडे बघितलं.

"रत्नाताई, आणखी कुणाला दिलीत तुम्ही ही रिंग?"

माया तपासणीच्या टेबलावर रत्नाच्या शेजारी बसायची. वेल्हे तालुक्यातल्या पासलीची पोर. नसरापूरला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या दातांत लहानपणापासून फट होती आणि तिला तिचं काही वाटत नव्हतं. होणारा नवरा सम्राट, त्यालाही वाटत नव्हतं. तो तर म्हणाला होता, फोनवरसुद्धा तुझं हसणं मला त्या फटीसकट ऐकू येतं. हे माया लाजत लाजत रत्नाला सांगत होती, आणि रत्ना काय म्हणाली? "आता म्हणतोय. लग्नाचा फोटो जल्मभर भितीवर ऱ्हातोय. माझं बघ." माया नको नको म्हणत होती. संक्रांत झाल्यावर एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत रत्नाने तिला नळापाशी नेलं, तोंड उघडायला लावलं आणि स्वतःच्या हाताने रिंग चढवली. वर कागदाच्या पुडीत आणखी दिल्या. महिन्याभराने माया काम सोडून गावी गेली. लग्न आता बारा दिवसांवर आलं होतं.

"निरोगी हिरडी असली तरी रिंग चढायची ती चढतेच," सगळं ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज शांत राहिला नव्हता. "तिला आज आणा. उद्या नको, आज. मी थांबते."

रत्नाने दवाखान्याच्या पायरीवरूनच मायाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. बाहेर. तिचा नवरा कुमार दुधाचा टेम्पो चालवायचा, तो समोर झाडाखाली उभा होता. बायकोचा चेहरा बघून तो धावत आला. तिने त्याला सगळं सांगितलं. बधिर ओठांनी, तोंडातल्या कापसासकट, अर्धं रडत. त्याला निम्मंच कळलं, पण तेवढंही पुष्कळ होतं.

"दुसऱ्याच्या पोरीच्या तोंडात कारखान्याचा माल घातलास?" तो म्हणाला. "रत्ने, तुला काय म्हनू आता?"

"काय बी म्हना. पर आदी पासलीला चला."

कापूरहोळपर्यंत कुमार नुसता टेम्पो पळवत होता. नसरापूरहून आत वळल्यावर म्हणाला, "एखाद्या वेळी खरंच पडली आसंल तिची." रत्नाने मान डोलवली. तीही तेच घोकत होती. पडली असू दे, तुटली असू दे, पोरीने कंटाळून काढून टाकली असू दे. वेल्ह्याच्या पुढे घाटाची वळणं सुरू झाली तेव्हा तिची बधिरता उतरायला लागली आणि हिरडीत कळा यायला लागल्या. तिला त्या बऱ्याच वाटल्या. आपल्याला दुखतंय तेवढं ठीक आहे, त्या पोरीला दुखू नये, असा काही तरी वेडा हिशेब तिच्या मनात चालला होता.

पासलीत भाताच्या रोपांसाठी राब भाजून काळी झालेली खाचरं उन्हात पडली होती. मायाच्या घराला नुकता निळा रंग दिलेला. ओट्यावर मायाचे वडील कोंडिबा पत्रिकांवर नावं घालत बसले होते. पाहुणे बघून ते उठलेच.

"जय भीम, या या! आगं धोंडाबाई, वरव्याची रत्नाताई आली बघ. लग्नाच्या आदीच आली!"

"जय भीम, काका," रत्ना म्हणाली. "माया कुटंय?"

माया आतून आली, हळदीच्या साडीला फॉल लावता लावता उठलेली. रत्नाला बघून ती तोंडभर हसली.

दात एकमेकांना चिकटलेले होते. फट कुठेच नव्हती.

 रत्नाने ओट्याचा खांब धरला. वाटेत जेवढ्या आशा जमवल्या होत्या, तेवढ्या त्या एका हसण्याने मोडल्या. कुणाला कळलं नाही. मायाची आई धोंडाबाई पाणी आणायला वळल्या आणि रत्ना मायाला दंडाला धरून घराच्या मागे, गोठ्याच्या सावलीत घेऊन गेली.

"रिंग कुटंय?"

"कुठली? ती व्हय? ती तर कवाच पडली. लई भारी काम झालं बघ, ताई. आमच्या आळीतल्या पोरी इचारत्यात, कुठल्या डाक्टरकडं गेलतीस."

"तोंड उघड."

"आगं काय—"

"उघड म्हनते ना!"

माया घाबरली. तिने तोंड उघडलं. दोन दातांच्या वर हिरडी जांभळट, तकतकीत. रत्नाने बोट लावलं. फार नाही, नुसतं टेकवलं. डावा दात आत गेला आणि परत आला, दारावरच्या सैल कडीसारखा. मायाने डोळे गच्च मिटले.

"दुखतंय?"

"थोडं. आन हालतंय बी जरा. म्या म्हनलं, दात जवळ यायलेत तर हालणारच की. तूच म्हनली हुतीस, पयल्यांदा ठणकतं म्हणून."

"एक रिंग गेली, मंग नंतर दुसरी घातली न्हाईस न्हवं?"

मायाने तिच्याकडे नवलाने बघितलं. "घातली की. तूच सांगितलं हुतंस, पडली तर दुसरी घाल म्हणून. दुसरी बी पडली चार-पाच दिवसांत. मंग तिसरी घातली. लगीन होईस्तोवर राहू दे म्हनलं, न्हाईतर फट परत पडायची. परवा चौथी पडली."

रत्ना खाली मातीतच बसली. चार. आपल्या तोंडात एक होती, त्या एकीने दोन दात खाल्ले. पोरीच्या तोंडात चार, आणि एकही पडलेली नाही.

"ताई? आगं, काय झालं? अशी का बघतीस?"

तिने सांगितलं. न रडता, भराभर, जणू कुणी मागे लागलंय. माया उभीच होती. तिने एकदा जीभ वर नेऊन हिरडी चाचपली, आणि तिचा चेहरा असा झाला की रत्नाला तिच्याकडे बघवेना. आपल्या अंगात काही तरी चढत बसलंय हे कळल्यावर माणसाचा चेहरा जसा होईल, तसा.

"आईला सांगू नको," माया एवढंच म्हणाली. "आदी डाक्टरकडं चल."

धोंडाबाईंना पटेना. लग्न बारा दिवसांवर आलेलं असताना पोरीने घराबाहेर पडायचं? पण रत्ना म्हणाली, दातात काही तरी अडकलंय, लग्नात सूज आली तर कसं व्हायचं, भोरला माझ्या ओळखीच्या डॉक्टरबाई थांबल्यात. खोटा एकही शब्द नव्हता, आणि पुरतं खरंही नव्हतं. शेवटी धोंडाबाईच लुगडं सारखं करून निघाल्या. केबिनमध्ये कुमारशेजारी मायलेकी बसल्या आणि रत्ना मागे दुधाच्या रिकाम्या कॅनांत जाऊन बसली. मधली काच उघडी होती. धोंडाबाईंचं बोलणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

"सख्खी भन करायची न्हाई असं केलं बघ त्या बाईनं," धोंडाबाई कुमारला सांगत होत्या. "सवताचं तोंड सुजलंय, तरी एवढ्या उन्हाचं पोरीसाठी आली. लग्नात म्या तिला साडी नेसवणार हाय."

कुमारने गिअर बदलला. माया काचेबाहेर बघत होती. रत्नाला वाटलं, टेम्पो उसळावा आणि आपण एकटीनेच त्यातून खाली पडावं.

डॉक्टरबाई थांबल्या होत्या. त्यांनी मायाला इंजेक्शन दिलं, दिवा ओढला आणि काम सुरू केलं. धोंडाबाई पायाशी, रत्ना भिंतीला टेकून. पहिली रिंग निघाली. ट्रेमध्ये टप्प आवाजही झाला नाही, एवढी ती हलकी. दुसरी निघाली. धोंडाबाई म्हणाल्या, "आगं बाई, हे काय?" तिसरी दोन दातांच्या मधल्या हाडात रुतलेली होती, तिला वेळ लागला. चौथी वरच होती, परवाचीच.

मग डॉक्टरबाईंनी डाव्या दाताला कापसाने आधार द्यायला हात लावला आणि तो दात त्यांच्या बोटांत आला. ओढला नव्हता. नुसता आला. मुळासकट, लांबलचक, पांढरा स्वच्छ दात. त्याला कीड नव्हती, काळा डाग नव्हता. बावीस वर्षांच्या पोरीचा धडधाकट दात.

 धोंडाबाई एकदा दाताकडे बघायच्या, एकदा लेकीकडे. मायाने हात पुढे केला. डॉक्टरबाईंनी क्षणभर विचार केला आणि दात तिच्या तळहातावर ठेवला. माया त्याच्याकडे बघत राहिली. रडली नाही. ती रडली असती तर रत्नाला बरं वाटलं असतं.

"ऐक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजवा दात मी तारेने शेजाऱ्यांना बांधते. तो राहील असं वाटतंय, नक्की सांगत नाही. हा गेलेला दात मूळ कापून त्याच जागी चिकटवून देते. लग्नात कुणाला कळणार नाही. पण तो दिसायचा दात, चावायचा नाही. पुढे काय करायचं ते सहा महिन्यांनी बघू." मग त्या थांबल्या. "मला एवढं सांग, हे करायला कुणी सांगितलं?"

त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, आणि रत्नाकडे बघितलं नाही.

मायाचं तोंड कापसाने भरलेलं होतं. तिने एकदा भिंतीकडे बघितलं, जिथे रत्ना उभी होती. मग आईकडे वळून तुटक तुटक म्हणाली, "म्याच. माझ्या मनानं."

धोंडाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आगं भवाने, आसं कोन करतं? रबराची रिंग कोन तोंडात घालतं? त्या सम्राटानं तुला हाय तशी पसंत केली हुती की! तुला कुनी सांगितला हा शानपना?" आणि त्या रत्नाकडे वळल्या, तिचा हात धरून म्हणाल्या, "तू आलीस म्हणून, न्हाईतर दोन्ही गेलं असतं. तुझं उपकार—"

रत्नाला तो हात सहन होईना. विस्तव धरावा तसा तो हात तिला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या हुशारीची किळस आली. खरी, मळमळणारी किळस. गप्प बसणं किती सोपं होतं! पोरीने स्वतःच झाकलं होतं. अकरा दिवसांनी हळद लागेल, लग्न होईल, साडी मिळेल, आणि कुणाला कधी कळणार नाही.

"मावशी," ती म्हणाली, "तिनं न्हाई. म्या दिली. तिला नको हुती. म्या माझ्या हातानं तिच्या दातावर चढवली."

  धोंडाबाईंनी हात सोडला नाही, हेच रत्नाला जास्त भयंकर वाटलं. त्या तिच्याकडे बघत होत्या, एवढ्या जवळून की त्यांच्या कपाळावरचं गोंदण तिला मोजता आलं असतं.

"आन पासलीला आलीस तवा?"

"तवा बी खरं सांगितलं न्हाई. माझं तोंड उघडलं न्हाई, मावशी. माझ्या बी हिरडीत सापडली आज सकाळी. माझं बी दोन्ही दात जाणार हायेत."

ती शिवी ऐकायला तयार होती, थोबाडीत खायलाही तयार होती. धोंडाबाईंनी यातलं काही केलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, "तुझं दात ग्येलं त्याचं मला काय करायचंय?"

मग त्यांनी हात सोडला आणि पदराने लेकीच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं. पुसता पुसताच, रत्नाकडे न बघता, त्या बोलल्या.

"लग्नाला यायचं. मागं बसायचं न्हाई. मायाच्या शेजारी उभं ऱ्हायचं, करवलीच्या जागी. आन कुनी इचारलं पोरीच्या दातांचं काय झालं, तर तू सांगायचं. ती न्हाई, आमी न्हाई. तू. सम्राटाच्या आईला बी तूच सांगायचं, लग्नाच्या आदी. तुझ्या बिनदाताच्या तोंडानं."

"मावशी—"

"तुमच्या कारखान्यात बी बायका हायेत. आमच्या आळीतल्या पोरी इचारत्यात मायाला, कुठं केलं म्हणून. त्यांना कोन सांगणार?"

डॉक्टरबाईंनी मायाच्या दाताला तार बांधायला घेतली. तिला वेळ लागणार होता, म्हणून त्यांनी बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर एक बाई नंबर लावून बसली होती. तिच्याबरोबर तिची मुलगी, दहा-बारा वर्षांची, पुढच्या दातांत फट. दार उघडं असताना त्या बाईने आतला ट्रे, रक्त आणि आडवी पडलेली लग्नाच्या वयाची पोर पाहिली होती.

"काय वो झालं पोरीला?" तिने धोंडाबाईंना विचारलं.

 धोंडाबाईंनी रत्नाकडे बघितलं.

रत्ना त्या बाईच्या शेजारी जाऊन बसली. तिचं तोंड सुजलेलं होतं, शब्द नीट फुटत नव्हते, आणि ती मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"म्या केलं ते," रत्ना म्हणाली.